वाईट हवा : एका शब्दाचा प्रवास

'मलेरिया' हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. रजेच्या अर्जात तो असतो, औषधांच्या दुकानात असतो, महानगरपालिकेच्या भिंतीवरील सूचनेतही असतो. मूळ इटालियन भाषेत मात्र हे दोन शब्द आहेत. 'माला' म्हणजे वाईट आणि 'आरिया' म्हणजे हवा. मलेरिया म्हणजे वाईट हवा. हा रोग हवेने होत नाही, डासाच्या चाव्याने होतो, हे आपल्या पाचवीतल्या मुलांनाही ठाऊक असते. तरीही जगभरातील डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि सरकारी कचेऱ्या या रोगाला अजून 'वाईट हवा' असेच म्हणत आहेत.

समजूत मावळली, तरी तिने दिलेले नाव मागे राहिले. ही समजूत निव्वळ अडाणीपणाची नव्हती. दोन हजारांहून अधिक वर्षे जगातील उत्तमोत्तम वैद्यांनी ती बाळगली, तिच्या आधारे शहरे बांधली, मोडली आणि पुन्हा बांधली. तिने लाखोंचे प्राण वाचवले आणि हजारोंचे घेतलेही. आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर काही लिहायचे, तेव्हा मला हा विषय निवडावासा वाटला. चुकीच्या कल्पनेतूनही ज्ञान कसे पुढे सरकते आणि बरोबर कल्पनेचाही अतिरेक कसा अंगाशी येतो, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. शिवाय या कथेतील एक निर्णायक प्रसंग आपल्याच शहरात घडलेला आहे.

मलेरिया हा शब्द तुलनेने अलीकडचा. त्याच्या मागे उभा असलेला जुना शब्द ग्रीक आहे : 'मिआस्मा'. इंग्रजीत तो 'मायाझ्मा' झाला. ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ डाग पाडणे, रंगवणे, मळवणे असा आहे. होमरच्या 'इलियड'मध्ये हस्तिदंत जांभळ्या रंगाने रंगवणाऱ्या स्त्रीची उपमा येते, तेथे हेच क्रियापद आहे. पुढे रंगाचा डाग पापाचा डाग झाला. खून करणाऱ्याच्या हाताला लागलेले मालिन्य म्हणजे मिआस्मा, आणि ते एकट्याचे राहत नसे. सोफोक्लिसच्या 'राजा ईडिपस' या नाटकात थीब्ज नगरीवर रोगराई कोसळते, कारण पूर्वीच्या राजाचा खुनी त्या नगरीत उजळ माथ्याने वावरत असतो. एकाचे पाप आणि साऱ्या गावाला ताप, असा तो विचार होता.

हिपॉक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकग्रंथांनी या शब्दाला वेगळे वळण दिले. पुष्कळ लोक एकाच वेळी एकाच रोगाने आजारी पडत असतील, तर कारणही सर्वांना समान असले पाहिजे; अन्न प्रत्येकाचे निराळे, परंतु श्वास मात्र सर्वांचा एकाच हवेतून, म्हणून दोष हवेत असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. मिआस्मा देवाघरून उतरून हवेत आला. याच परंपरेतील 'हवा, पाणी आणि ठिकाणे' या ग्रंथात दलदलीचे साचलेले पाणी पिणाऱ्यांची पानथरी वाढते, असे निरीक्षण आहे. मलेरियाच्या रुग्णांत पानथरी वाढलेली आजही आढळते. निरीक्षण अचूक होते. त्याचे कारण मात्र सापडायला तेवीसशे वर्षे लागायची होती.

आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात 'जनपदोद्ध्वंसनीय' नावाचा एक अध्याय आहे. कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठी गुरू पुनर्वसू आत्रेय आपल्या अग्निवेश या शिष्याशी बोलत आहेत, अशी त्याची मांडणी आहे. शिष्याचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. माणसांची प्रकृती, आहार, वय, बळ सारे भिन्न असताना एकाच रोगाने सारा प्रदेश एकाच वेळी कसा उद्ध्वस्त होतो? गुरूंचे उत्तर असे की वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात. त्या बिघडल्या की जनपद बिघडते. बिघडलेल्या वायूची लक्षणेही तेथे सांगितली आहेत : ऋतूला न शोभणारा, अगदी कोंडलेला किंवा अतिवेगवान, दुर्गंध, वाफ, धूळ आणि धूर यांनी भरलेला. आणि या चारही गोष्टी का बिघडतात, तर अधर्मामुळे, त्यातही राज्यकर्त्यांच्या अधर्मामुळे, असे सांगून चरकसंहिता तो दोष पुन्हा माणसाच्या आचरणाशी नेऊन जोडते.

ग्रीक आणि भारतीय विचारांतील हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या 'दोष' आणि 'दूषित' या शब्दांतही शरीराचा बिघाड आणि आचरणाचा बिघाड एकत्र नांदतात. मराठीतील 'विटाळ' हा शब्द तर याची कडू आठवण आहे. डाग वस्तूवरून हवेवर येतो आणि हवेवरून फार सहजपणे माणसांवर जातो. कोणाची वस्ती, कोणाची सावली, कोणाचा स्पर्श 'वाईट' आहे, हे ठरवण्याची वाट त्यातूनच निघते. हा धोका पुढे रोगप्रतिबंधाच्या इतिहासातही पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

इटलीत रोम शहराभोवतीचा सपाट प्रदेश आणि त्याच्या दक्षिणेकडील पाँटाइन दलदल हे या रोगाचे माहेरघर होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात व्हॅरो नावाच्या रोमन पंडिताने शेतीवरील ग्रंथात एक इशारा देऊन ठेवला होता : घर दलदलीजवळ बांधू नका, कारण तेथे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म प्राणी वाढतात आणि हवेबरोबर नाकातोंडावाटे शरीरात शिरून अवघड रोग निर्माण करतात. १७१७ साली लान्चीसी या पोपच्या वैद्याने दलदलीच्या विषारी वाफांवर संपूर्ण ग्रंथ लिहिला. दलदलींचा निचरा करा, हा त्याचा उपाय अगदी योग्य होता. १७४० मध्ये रोमला गेलेल्या होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने घरी लिहिलेल्या पत्रात 'मलेरिया' नावाच्या, दर उन्हाळ्यात रोमला येऊन माणसे मारणाऱ्या भयंकर गोष्टीचा उल्लेख केला, आणि हा शब्द इंग्रजीच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

रोमच्या परिसरातील शेतकरी या वाईट हवेपासून बचाव कसा करीत? सूर्यास्तापूर्वी घरी परतायचे, रात्री खिडक्या घट्ट लावून झोपायचे, शक्य असल्यास उन्हाळ्यात डोंगरावरील गावात राहायला जायचे. या तिन्ही गोष्टींनी खरोखरच ताप कमी होई. मलेरियाचा डास संध्याकाळी आणि रात्री चावतो, बंद खिडकीतून आत येत नाही आणि उंचावरील थंड हवेत फारसा वाढत नाही. कारण चुकीचे, पण वागणे बरोबर. म्हणूनच ही समजूत इतकी टिकली. जी समजूत रोजच्या अनुभवाला उतरते ती खोडून काढणे फार कठीण असते.

मराठी माणसाने या रोगाला काय म्हटले, तेही पाहण्यासारखे आहे. आपला जुना शब्द 'हिवताप'. हीव भरते आणि मग ताप येतो, एवढेच तो सांगतो. संस्कृत परंपरेतील 'शीतज्वर' आणि बोलीतील 'थंडीताप' हेही तसेच. या शब्दांनी जे दिसले ते सांगितले, कारणाचा दावा केला नाही. म्हणून ते आजही खोटे ठरलेले नाहीत. याचा अर्थ आपले पूर्वज हवेच्या कल्पनेपासून मुक्त होते असा मुळीच नाही. परगावी गेलेल्याला तेथील 'हवापाणी मानवत नाही', आजारातून उठलेल्याला 'हवापालट' सांगितली जाते, आणि एखाद्याला नव्या गावचे 'पाणी लागते'. मराठीने हवा आणि पाणी हे दोन शब्द जोडून ठेवले, हा योगायोग असेल. पण पुढील शास्त्राचा सगळा वाद याच जोडशब्दाच्या दोन अर्धांमध्ये झाला.

गोव्याची कथा या संदर्भात आठवते. आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो, ती एकेकाळी पूर्वेकडील वैभवशाली राजधानी होती. साथीमागून साथी आल्या, ताप आणि पटकी यांनी ते शहर पोखरले आणि लोक ते सोडून जाऊ लागले. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या शहराची हवाच वाईट, असा बोलबाला होता. दाट वस्ती, साचलेले पाणी आणि मैल्याने बिघडलेल्या विहिरी यांचा विचार त्या काळी कोणाला सुचणे कठीण होते.

या समजुतीची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये झाली. भारतातून निघालेली पटकी, म्हणजे कॉलरा, १८३१ मध्ये प्रथम इंग्लंडला पोहोचली. गरिबांच्या वस्त्यांत ती अधिक बळी घेई, आणि त्या वस्त्यांना दुर्गंधी येई. तेव्हा दुर्गंधी हेच कारण, हे उघड वाटले. एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये कामकरी लोकांच्या आरोग्यावर प्रसिद्ध केलेला अहवाल हा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो. गरिबी आणि रोग यांचे नाते त्याने आकड्यांनी सिद्ध केले. पण चॅडविक यांच्या मते तीव्र दुर्गंध हाच रोग होता. म्हणून घराघरांखालील मैल्याचे खड्डे बंद करून, मैला गटारांवाटे थेट थेम्स नदीत सोडण्याचा सपाटा सुरू झाला. घरांतील दुर्गंधी कमी झाली. पण त्याच थेम्सचे पाणी लंडनचे हजारो लोक पीत होते. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे मेली. हवा शुद्ध करण्याच्या सदिच्छेने पाणी विषारी झाले होते.

जॉन स्नो हे भूल देण्याच्या शास्त्रातील नामांकित डॉक्टर. वायू शरीरात कसे काम करतात हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांचा या वाफांवर विश्वास बसेना. वायूने होणारा रोग फुप्फुसांत सुरू व्हायला हवा. पटकी तर आतड्यांत सुरू होते. १८५४ मध्ये सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीट येथे साथ भडकली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. स्नो यांनी मृतांची घरे शोधून ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली असल्याचे दाखवले. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा अभ्यास मात्र याहून मोलाचा आहे.

दक्षिण लंडनमध्ये दोन खाजगी कंपन्या एकाच रस्त्यावरील घरांना पाणी पुरवीत. शेजारच्या दोन घरांतही निरनिराळ्या कंपन्यांचे नळ असत. त्यांपैकी लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी शहराच्या वरच्या बाजूने, स्वच्छ प्रवाहातून घेण्यास सुरुवात केली होती. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी अजून शहरातील मैलामिश्रित थेम्सचे पाणी उपसत होती. रस्ता तोच, हवा तीच, गरिबी-श्रीमंती तीच. फरक फक्त नळाच्या पाण्याचा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे लँबेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू झाले, तर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५. हवा निर्दोष असल्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळाला नसता. तरीही सरकारने नेमलेल्या वैज्ञानिक समितीने १८५५ मध्ये स्नो यांचे म्हणणे मान्य केले नाही. विल्यम फार यांच्यासारख्या प्रामाणिक संख्याशास्त्रज्ञानेही थेम्सपासून जमीन जितकी उंच तितके पटकीचे मृत्यू कमी, असा नियम मांडला होता आणि त्याचा अर्थ नदीकाठची हवा वाईट, असा लावला होता. आकडे अचूक होते. पण नदीकाठची सखल वस्ती नदीचे वाईट पाणीही पिते, हा दुसरा अर्थ त्या आकड्यांत लपून राहिला.

स्नो जून १८५८ मध्ये वारले. त्याच उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी इतकी असह्य झाली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याच्या क्लोराइडचे द्रावण लावावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत वास पोहोचताच काही आठवड्यांत कायदा झाला आणि जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने लंडनच्या पोटात प्रचंड गटारे बांधली. मैला शहराच्या खूप खाली नेऊन सोडला जाऊ लागला. हे सारे वासाच्या भीतीने झाले, पण त्यामुळे पिण्याचे पाणी सुधारले. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली तेव्हा तिचा मारा मुख्यतः पूर्व लंडनवर झाला, जेथे नवी गटारे अजून पूर्ण झाली नव्हती. त्या वेळी फार यांनी आपले जुने मत सोडले आणि पाण्याकडे बोट दाखवले. स्वतः गोळा केलेल्या आकड्यांपुढे स्वतःचे मत नमवणारा हा माणूस मला स्नो यांच्याइतकाच आदरणीय वाटतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही वाईट हवेच्या सिद्धांताच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या. रुग्णाजवळची हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी, हा त्यांनी शुश्रूषेचा पहिला नियम सांगितला. समोरासमोर मोठ्या खिडक्या असलेले लांब वॉर्ड ही त्यांच्या आग्रहाची देणगी. उंच छत, झरोके, वारा खेळता राहील अशी मांडणी ही पुढे शाळांच्या वास्तुरचनेतही आली. आपल्या देशातील जुन्या शाळांच्या इमारती पाहिल्या की या विचाराची छाप सहज ओळखता येते.

भारतातील ब्रिटिश राजवटीने ही कल्पना आपल्यासोबत आणली आणि तिच्यातील जुना डागही आणला. छावण्या वाऱ्याची दिशा पाहून, 'नेटिव्ह' वस्तीपासून अंतर राखून वसवल्या जात. गोऱ्या सैनिकांच्या हवापालटीसाठी डोंगरावर आरोग्यधामे उभी राहिली. महाबळेश्वरचा विकास सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, त्याच हेतूने सुरू झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात तो प्रथम ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्यांत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट घरवस्तीतून पश्चिम-पूर्व कापले गेले. रस्ते उत्तमच झाले. पण ज्यांची घरे पडली त्या गरिबांना पुरेशी नवी घरे मिळाली नाहीत. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. प्लेग पसरत होता तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे, हे त्याच १८९८ सालात सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत ओळखले होते. वाऱ्यासाठी रस्ते कापले गेले, उंदीर मात्र लोकांबरोबर पुढच्या चाळीत गेले.

आता पुन्हा मलेरियाकडे येऊ. १८७९ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी पाँटाइन दलदलीतून मलेरियाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले; जंतुशास्त्राच्या नव्या युगातही जुन्या वाईट हवेचा शोध चालूच होता. तो दावा चुकीचा ठरला. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला एका आजारी सैनिकाच्या रक्तात हालचाल करणारा परजीवी दिसला. रोगाचे मूळ हवेत किंवा मातीत न शोधता रक्तात शोधायचे, हे ठरले. पण तो रक्तात शिरतो कसा?

त्याचे उत्तर आपल्या शहराने दिले. अल्मोड्याला जन्मलेले रोनाल्ड रॉस हे लष्करी डॉक्टर सिकंदराबादच्या छावणीत नेमणुकीवर होते. डासाचा या रोगाशी संबंध असावा, ही कल्पना त्यांना लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी दिली होती. ऑगस्ट १८९७ मध्ये बेगमपेठ येथे त्यांनी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला ठिपकेदार पंखांचे डास चावू दिले. चावलेल्या प्रत्येक डासामागे त्या रुग्णाला एक आणा मिळे. त्या उकाड्यात पंखाही बंद ठेवावा लागे, कारण वाऱ्याने विच्छेदन केलेले डास उडून जात. हजारो वर्षे हवेला दोष देणाऱ्या रोगाचा शोध लागत असताना खोलीतील हवा स्तब्ध होती. २० ऑगस्ट रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काळे रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. मलेरियाच्या परजीवीत असतात तेच हे रंगकण होते. पुढील वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी हा परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो, ते पूर्ण चक्र दाखवले. इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियासाठी अॅनॉफिलीस जातीचा डासच कारण असल्याचे सिद्ध केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. हुसेन खान यांचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

तरीही हवेवरचा संशय फिटला नव्हता. डास चावतो हे खरे, पण रात्रीची दलदलीची हवाही बाधत असेल, असे म्हणणारे होतेच. त्यांच्यासाठी १९०० च्या उन्हाळ्यात मॅन्सन यांनी एक साधा प्रयोग योजला. रोमजवळील ओस्टिया येथे, जेथे या दिवसांत कोणी परका राहत नसे, तेथे एक लाकडी झोपडी उभारली. तिच्या दारे-खिडक्यांना बारीक तारेची जाळी बसवली. सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर सूर्यास्त होताच झोपडीत शिरत आणि खिडक्या सताड उघड्या ठेवून रात्रभर ती 'वाईट हवा' घेत झोपत. क्विनाइन त्यांनी घेतले नाही. आजूबाजूला लोक तापाने फणफणत असताना ते ऑक्टोबरपर्यंत ठणठणीत राहिले. त्याच वेळी इटलीतून काही संसर्गित डास लंडनला पाठवले गेले आणि मॅन्सन यांच्या तरुण मुलाने ते स्वतःला चावू दिले. दलदलीपासून शेकडो कोस दूर, लंडनच्या हवेत, त्याला मलेरिया झाला. हवा एका जाळीने निर्दोष ठरली होती. नाव तेवढे तसेच राहिले.

कथा येथे संपती तर ती सोपी झाली असती. विसाव्या शतकात लोलक दुसऱ्या टोकाला गेला. १९१० मध्ये चार्ल्स चॅपिन या अमेरिकन आरोग्याधिकाऱ्याने रोग हवेतून पसरतात ही कल्पना जुन्या मिआस्माच्या भुताप्रमाणे आहे, ती लोकांच्या मनातून काढली पाहिजे, अशा आशयाची मांडणी केली. स्पर्श आणि जवळून उडणारे थेंब यांनाच महत्त्व आले. १९३० च्या दशकात विल्यम वेल्स यांनी खोकल्यातील अतिसूक्ष्म थेंब सुकून हवेत तरंगत राहतात, हे दाखवले. पुढे रायली यांच्यासह बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या वॉर्डातील हवा नळीने गिनीपिग ठेवलेल्या खोल्यांत सोडली गेली; त्यांतील काही प्राण्यांना क्षय झाला, आणि ज्या खोलीतील हवेवर अतिनील किरण सोडले होते तेथील प्राणी निरोगी राहिले. क्षय, गोवर यांबाबत हे मान्य झाले. बाकी रोगांबाबत मात्र 'हवेतून' हा शब्द उच्चारायला तज्ज्ञ कचरतच राहिले.

त्याची किंमत आपण सर्वांनी मोजली. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरणारा रोग नाही, असे ठासून सांगितले. आपण पिशव्या, भाजी, दाराच्या कड्या पुसत बसलो आणि खिडक्या बंदच राहिल्या. त्याच वर्षी जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिलेले खुले पत्र प्रसिद्ध झाले. कोंडलेल्या हवेकडे लक्ष द्या, असा त्याचा आग्रह होता. २०२१ मध्ये संघटनेने आपल्या मार्गदर्शनात बंद, कोंदट जागेतील हवेद्वारे होणारा प्रसार मान्य केला. मिआस्माला हरवण्याच्या अभिमानात खरी हवाच नजरेआड झाली होती. या काळात आपल्या शाळेच्या परिवारातील किती घरांत दुःख झाले, हे येथे सांगण्याची गरज नाही.

'मायाझम' हा शब्द आजही काही पालकांच्या कानावर येत असेल. होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे तो ऐकू येतो. हानेमान यांनी जुनाट रोगांच्या मुळाशी असलेल्या दोषासाठी तो वापरला आणि त्यांच्या परंपरेत तो टिकला. तेथे त्याचा अर्थ हवेशी बांधलेला नाही, मूळच्या 'डाग' या अर्थाजवळच तो पुन्हा गेला आहे.

विद्यार्थ्यांना मी हा इतिहास सांगते तो चुकलेल्या माणसांना हसण्यासाठी नव्हे. चॅडविक, फार, नाइटिंगेल ही सारी मोठी माणसे होती. त्यांच्याजवळ माहिती होती, कळकळ होती. त्यांना एका नावाने बांधून ठेवले होते. 'हिवताप' असे म्हणणारा माणूस पुढचा प्रश्न विचारायला मोकळा असतो : ताप कशाने येतो? 'वाईट हवा' असे म्हणणाऱ्याला उत्तर आधीच मिळालेले असते. नाव देणे आणि कारण सांगणे यांत अंतर आहे, हे मुलांना दहावीपर्यंत समजले, तर विज्ञानाचा तास कारणी लागला असे मी समजते. हाच नियम माणसांनाही लागू आहे. 'मठ्ठ', 'वांड', 'त्या वस्तीतला' अशी नावे आपण मुलांना सहज देऊन टाकतो आणि मग कारण शोधायचे राहून जाते.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. माजी विद्यार्थ्यांनी सवड काढून बेगमपेठेतील ती जुनी इमारत आपल्या मुलांना दाखवावी, आणि रॉस यांच्या नावाबरोबर हुसेन खान यांचेही नाव सांगावे. पालकांनी घरी दोन्ही गोष्टी कराव्यात : पावसाळ्यात कुंड्यांखालचे, पिंपातले, गच्चीवरचे साचलेले पाणी दर आठवड्याला ओतून टाकावे, खिडक्यांना जाळी लावावी, आणि मग त्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ओस्टियाच्या झोपडीतील दोन डॉक्टरांनी १९०० साली नेमके हेच केले होते.